कायद्याचं इंग्रजी: ओळखीचे शब्द आधी तपास
मराठी शाळेतून कायदा शिकायला आलीस म्हणून घाबरू नकोस गं, मीही खानापूरच्या मराठी शाळेतलीच. कायद्याच्या इंग्रजीत अवघड शब्दांपेक्षा ओळखीचेच जास्त फसवतात. १८७२ च्या करार कायद्यातलं 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, मोबदला. 'शॅल' म्हणजे बहुधा बंधन, 'मे' म्हणजे मुभा; पण संदर्भ बघून कोर्ट उलटाही अर्थ लावतं, म्हणून कलम अख्खं वाच. रोज एकच कलम घे, मोठ्यानं वाच आणि आईला कळेल अशा मराठीत सांग. जिथं अडखळशील, तिथंच परत ये. आपल्या कर्नाटकात खालच्या कोर्टात कन्नड लागतं, तेही शीकच. पण धारवाडला हायकोर्टाच्या खंडपीठात इंग्रजीशिवाय चालत नाही. गाईड बाजूला ठेव, मूळ निकाल वाच. सुरुवातीला एका पानाला तास लागेल, लागू दे.