आधी दुखण्याचं बोल

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. पित्ताशयात खडे निघालेत आणि आता मूलही हवंय, तर ऑपरेशन आधी की मूल आधी, असं विचारलंस. खडे किती, केवढे, सगळ्यांत मोठा ९ मिलिमीटरचा, पित्ताशयाची भिंत नॉर्मल, हे सगळं तू रिपोर्टमधून जसंच्या तसं उतरवलंस. आणि शेवटी ता. क. म्हणून एक ओळ: ‘दिवाळीपासून तीन-चारदा रात्री पोटात कळ आली, पण ती ॲसिडिटी असावी.’ अगं, पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं!

मी सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. डॉक्टर नाही, तेव्हा औषध सांगणार नाही. पण एक गोष्ट कुणी विचारो न विचारो सांगतेच: खडा सोनोग्राफीत दिसतो, निर्णय दुखण्यावरून होतो. कितीतरी जणांच्या पोटात खडे असतात आणि जन्मभर पत्ताही लागत नाही. शंभरातल्या एक ते चार जणांनाच वर्षाकाठी त्रास सुरू होतो. अशा मुक्या खड्यांना, काही अपवाद सोडले तर, सर्जन हातही लावत नाहीत, मग बाई मुलाचा विचार करत असली तरी.

तुझे खडे मुके नाहीत. फोनवर खोदून विचारलं तेव्हा कुठे तू कबूल केलंस की कळ लग्नाकार्यातल्या जेवणानंतर येते, उजव्या बरगडीखालून पाठीत खवाट्यापर्यंत जाते, तास-दीड तास कुशीवर वळू देत नाही आणि मग आपली आपण ओसरते. जेलुसिल पिऊन काही फरक नाही. ही ॲसिडिटी नव्हे. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो आणि सुटतो, त्याची ही कळ.

आता दिवस राहिल्यावर काय होतं ते ऐक. इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलं की पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे पित्ताशय सुस्तावतं, नीट रिकामं होत नाही. साचलेल्या पित्तात गाळ धरतो, खडे वाढतात. जिला आधीच कळा येत होत्या, तिला नऊ महिन्यांत पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. आणि तू ज्या ९ मिलिमीटरला घाबरतेस ना, त्याच्यापेक्षा मला त्याच्या शेजारच्या बारीक खड्यांची धास्ती जास्त. पित्ताच्या नळीत घसरतात ते बारीक. मग कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. अशी एक सहा महिन्यांची गरोदर बाई आमच्या वॉर्डात होती. ती वाचली, बाळ नाही वाचलं. हे तुला भीती घालायला सांगत नाही. बहुतेकींच्या वाट्याला हे येत नाही. पण मी ते पाहिलंय, आणि माझा हट्ट तिथून आलाय.

कारण त्यानंतर वर्षभरातच माझ्या स्वतःच्या पोटात कळा सुरू झाल्या. लग्नाला थोडेच दिवस झालेले. सासूबाईंचं म्हणणं तेच, जे आज तुझ्या घरी म्हणतात: आधी मूल, मग काय ते. मी माहेरी गेले आणि ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा बरगडीखाली वीतभर चीर, नळी, टाके, सगळं होतं. पुढे दिवस राहायला वेळ लागला तर सगळ्यांनी त्या चिरेकडे बोट दाखवलं. गर्भाशय कुठे, पित्ताशय कुठे! पण ऐकतंय कोण. मुलगी झाली तरी एक नणंद म्हणायचीच, ‘पोट कापलं म्हणून उशीर झाला.’ ऑपरेशनची मला आजवर क्षणभरही खंत नाही. सासूबाईंना न सांगता गेले, वॉर्डातल्या त्या बाईबद्दल त्यांच्याशी कधी बोललेच नाही, ही खंत मात्र आहे. त्यांना मी नुसती हट्टी वाटले. आता हे लिहिताना मी माझीच बाजू मांडतेय, हे तुझ्या लक्षात येईल. येऊ दे. बाजू बरोबरच होती.

तुझं काम तर कितीतरी सोपं आहे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतात पहिल्यांदा. आज चार छोटी भोकं आणि सगळं नीट असलं तर एक-दोन दिवसांत घरी. पित्ताशय काढलं तरी अडत नाही, पित्त यकृतात तयार होतं, ते थेट आतड्यात उतरत राहतं. काहींना थोडे दिवस जुलाब होतात, एवढंच. किती थांबून चान्स घ्यायचा ते सर्जन आणि तुझ्या गायनॅक मॅडम मिळून सांगतील. फॉलिक ॲसिड चालूच ठेव. आणि ऑपरेशनच्या आधी पाळी चुकली असेल तर लाजत बसू नकोस, सांग.

कुळथाचं कढण, पानफुटीचं पान हे लोक मुतखड्यावर सांगतात. पित्ताशयाशी त्याचा संबंध नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिऊन ‘खडे पडले’ म्हणून कुणी हिरव्या गोळ्या दाखवल्या, तर त्या तेलाच्याच साबणासारख्या गुठळ्या असतात. खडे विरघळवणारी गोळी आहे, पण ती बारीक कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्‌महिने, आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. आणि वजन उतरवायला चालवलेले ते सोळा-सोळा तासांचे उपास आधी थांबव. भराभर वजन उतरलं की खडे वाढतात, हे तुला कुणीच कसं सांगितलं नाही?

समजा मध्येच दिवस राहिले, तर आकाश कोसळत नाही. गरज पडली तर गरोदरपणातही हे ऑपरेशन होतं, शक्यतो मधल्या तीन महिन्यांत. मात्र ताप, डोळे पिवळे, न थांबणारी कळ यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. शेवटच्या महिन्यांत उजव्या बरगडीखाली दुखलं तर ‘खडेच असतील’ म्हणून गप्प बसायचं नाही. आधी बीपी मोजायचं, कारण ते दुखणं वाढलेल्या बीपीचंही असू शकतं.

सर्जनकडे जाशील तेव्हा पहिलं वाक्य कळेचं. किती वाजता आली, काय खाल्लं होतं, किती वेळ टिकली. रिपोर्ट ते वाचतील, त्यांना वाचता येतं. मेडिक्लेमचे कागदही बघ, बऱ्याच पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांना दोन वर्षं थांबावं लागतं.

घरी कसं सांगायचं म्हणून अडलं असेल तर तुझ्या सासूबाईंशी मी बोलते. रविवारी दुपारनंतर मी मोकळी असते. पण हे ऑपरेशनच्या आधी हं, नंतर नाही.

तुझी,
मावशी