"हार्मोन्समुळे होतंय की माझंच डोकं बिघडलंय?"

चाळिशी उलटलेल्या अनेकजणी समुपदेशनाला येतात त्या हाच प्रश्न घेऊन. दोन्हींपैकी एकच काहीतरी खरं असणार, असं त्यांनी धरलेलं असतं. तशाच एका बाईंची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय 47, ऑफिसात हिशेब खात्याच्या प्रमुख. पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग यायची, छातीत धडधडायचं आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. दिवसाही कारण नसताना घालमेल. "आता काहीतरी वाईट होणार असं सारखं वाटतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मग मीच वेडी ना?" घरच्यांचं म्हणणं, टेन्शन घेऊ नकोस. (या सल्ल्याने कुणाचं टेन्शन कमी झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.)

पाळीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "पाळी येतेय की अजून! मेनोपॉज कसा असेल?" येत होती, पण कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी.

गल्लत होते ती इथेच. सलग 12 महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती, म्हणजेच मेनोपॉज, झाली असं म्हणतात. पण त्याआधीचा संक्रमणाचा काळ काही वर्षं चालतो, आणि मनाची ओढाताण बऱ्याचदा याच काळात जास्त होते. कारण हार्मोन्स हळूहळू, शिस्तीत कमी होत नाहीत. स्त्रीबीज दर महिन्याला सुटेनासं झालं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन कमी पडायला लागतं. शरीर त्यापासून मेंदूला शांत करणारं एक रसायन बनवतं, त्याचाही मग भरवसा राहत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन कधी एकदम चढतं, कधी आपटतं. त्याचा संबंध मूड सांभाळणाऱ्या सेरोटोनिनशी आहे, झोपेशी आहे आणि मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्राशीही आहे. म्हणून तर थंड खोलीत बसूनही अंगातून वाफा निघतात. पातळी अशी वरखाली होत असल्यामुळे एका दिवसाच्या रक्तचाचणीतून फारसं काही हाती लागत नाही. 45 च्या पुढे डॉक्टर सहसा लक्षणं आणि पाळीच्या तारखांवरूनच निदान करतात.

त्यांना मी एक वही ठेवायला सांगितली. हिशेबाची सवय असल्यामुळे नोंदी अगदी नेटक्या. त्यातली एक अशी: "मीटिंग, 11.20. मानेपासून गरम. मग धडधड. मग वाटलं, सगळ्यांना दिसतंय. मग वाटलं, आता मला बोलताच येणार नाही. बाहेर गेले."

मी क्रमाकडे बोट दाखवलं. उष्णता आधी आली होती, विचार नंतर. त्या मात्र धरून चालल्या होत्या की आपण घाबरतो म्हणून घाम फुटतो. बराच वेळ त्या ते पान बघत बसल्या.

पण प्रत्येक नोंद अशी नव्हती. काही रात्री वाफ नाही, घाम नाही, नुसती काळजी: आईचं आजारपण, शिकायला लांब गेलेली मुलगी, ऑफिसातला नवा साहेब. म्हणजे हार्मोन्सही होते आणि ताणही होता, आणि दोन्ही मिळून झोप खात होते. "हार्मोन्स आहेत, होईल बरं" म्हणून सोडून देणं मला "मनाचे खेळ आहेत" म्हणण्याइतकंच घातक वाटतं. बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. बाळंतपणानंतर कित्येक महिने त्या अशाच खचल्या होत्या, कुणाला सांगितलं नव्हतं. असा पूर्वानुभव असलेल्या बायकांना या काळात त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

मीटिंगला त्या हल्ली हाताखालच्या माणसाला पाठवत होत्या. सुटका व्हायची, पण पुढच्या वेळची भीती वाढायची. म्हणून आम्ही ठरवलं, वाफ आली तरी उठायचं नाही. श्वास सावकाश सोडायचा आणि मनात म्हणायचं, "वाफ आहे, काही मिनिटांत ओसरेल." पहिल्याच खेपेला त्या उठून गेल्या. पुढे जमलं. पहाटे जाग आली तर घड्याळ बघायचं नाही, तळमळत पडण्यापेक्षा उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, झोप आली की परत यायचं. दुपारनंतरची कॉफी बंद.

वही घेऊन त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे कळलं की "सगळे रिपोर्ट" म्हणजे ईसीजी आणि साखर, एवढेच होते. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन मात्र बरंच कमी. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, त्या त्याला वयाचा भाग समजत होत्या. रक्त कमी असेल तरीही धडधडतं. रक्तस्रावाची तपासणी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. हार्मोन थेरपीचाही, म्हणजे कमी पडणारी हार्मोन्स औषधातून देण्याचाही, विषय निघाला. ती अनेकींना उपयोगी पडते, पण स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, रक्तस्रावाचं कारण कळलेलं नसेल, तर सरसकट देता येत नाही. त्यांनी आधी हिमोग्लोबिन वर येऊ द्यायचं ठरवलं.

एकदा नवऱ्यालाही बोलावलं. "काय बोललं की ही चिडते तेच कळत नाही," तो वैतागून म्हणाला. त्यावर त्या म्हणाल्या, "रात्री मी उठले तर उपाय सांगू नकोस. तू जागा आहेस एवढं कळू दे."

धडधड अजून अधूनमधून होते. पाळीच्या आधीचे काही दिवस वाईट जातात, ते वहीत आधीच दिसतं, म्हणून त्या दिवसांत त्या मोठी कामं अंगावर घेत नाहीत. मीटिंगा पुन्हा स्वतः घेतात. भेटी थांबवताना मी एवढंच बजावलं: छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, जगणं नकोसं वाटायला लागलं, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर वहीत लिहीत बसायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा.