टेबल आवरायचं, पण कोणाचं?

प्रश्न: ताई, आमच्याकडे बाहेरची खोली एकच. दिवसा बैठक, संध्याकाळी मुलाचा अभ्यास, रात्री सासूबाईंचं झोपणं, सगळं तिथेच. खिडकीजवळ माझं ४ बाय २ फुटांचं टेबल आहे, त्यावर मी घरबसल्या हिशेबाचं काम करते. रोज रात्री टेबल लख्ख आवरते आणि सकाळी त्यावर चष्म्याचं घर, कंपासपेटी, बॅडमिंटनची रॅकेट आणि घडी न केलेले कपडे! ड्रॉवरमध्ये कप्पे करून झाले, डबे आणून झाले. आता सगळ्यांवर ओरडायचं तेवढं बाकी आहे.

उत्तर: ओरडू नका. मी ओरडून पाहिलं आहे. टेबल चार दिवस रिकामं राहतं आणि घरातली माणसं आठ दिवस गप्प राहतात.

तुम्ही लिहिलेली यादी पुन्हा वाचा. चष्मा, कंपासपेटी, रॅकेट, कपडे. बहुतेक सगळं दुसऱ्यांचं आहे! कप्पे मिळाले तुमच्या वस्तूंना आणि पसारा त्यांचा, मग फरक कसा पडणार? सासूबाईंनी दिवा मालवल्यावर चष्मा ठेवायचा कुठे? अंथरुणातून हात पोचेल अशी सपाट जागा त्या खोलीत बहुधा तुमच्या टेबलाचीच असेल. मीही तिथेच ठेवला असता. त्यांच्या उशाशी भिंतीला वीतभर फळी ठोका, चष्मा आपोआप हलेल.

बाकीच्या वस्तूंसाठी एक आठवडा काही न बदलता नुसतं लिहून काढा: काय आलं, कोणाचं, किती वाजता. मी हे केलं तेव्हा २२ नोंदींपैकी १४ नोंदी वाळलेल्या कपड्यांच्या निघाल्या. कारण शोधायला गेले तर हसूच आलं. दोरीपासून माझं टेबल पाच पावलांवर आणि पलंग बारा पावलांवर. दोरीखाली एक टोपली ठेवली आणि तो विषय मिटला. त्याआधी मात्र व्हायचं ते होऊन गेलं होतं. निवृत्तीनंतर मी मुद्रितं तपासायचं काम घेते. त्यातली ४० पानं त्या कपड्यांबरोबर उचलली गेली आणि तिसऱ्या दिवशी कपाटात, चादरीच्या घडीत सापडली. एकेक पान व्यवस्थित इस्त्री केल्यासारखं सपाट!

मी २६ वर्षं ग्रंथालयात काढली. तिथे परत आलेलं पुस्तक कोणी लगेच उठून कपाटात लावत नाही. ते आधी ट्रॉलीवर जातं आणि ठरल्या वेळी ट्रॉली फिरते. ट्रॉली नसेल त्या दिवशी पुस्तकं काउंटरवर साचतात. तुमचं टेबल म्हणजे सध्या घराचा काउंटर. टेबलाशेजारी, जमिनीवर, एक टोपली ठेवा. टेबलावर सापडलेली परकी वस्तू टोपलीत टाकायची, तिच्या जागी पोचवायला तुम्ही जायचं नाही. रात्री ज्याची त्याने उचलायची. टोपली लहानच हवी. मोठी घेतलीत तर महिन्याभरात तिचं कपाट होईल.

आता थोडं कडू बोलते. संध्याकाळी मुलगा त्या खोलीत अभ्यास करणार असेल तर तुमच्या कामानेही तिथून उठायला हवं. तुमच्या फायली पसरलेल्या असताना त्याला रॅकेटवरून बोलायला तोंड राहत नाही. ए-४ कागद आडवा सपाट मावेल असा एक ट्रे घ्या. कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो, ट्रे आतून त्याहून बोटभर मोठा असू द्या. चालू काम, पेन, कॅल्क्युलेटर सगळं त्यात, आणि ट्रे एका फेरीत उचलून फळीवर. दोन फेऱ्या लागल्या तर चौथ्या दिवशी तुम्ही कंटाळाल. मी हौसेनं झाकणाचा सुरेख डबा आणला होता. झाकण उघडायचा कंटाळा, म्हणून कागद झाकणावरच साचायला लागले. झाकण माळ्यावर टाकलं तेव्हा डबा कामाला लागला.

जुन्या कागदांसाठी जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांची पद्धत वापरून बघा. एका कामाचं एक मोठं पाकीट, कडेला नाव आणि तारीख. पाकिटं फळीवर पुस्तकांसारखी उभी लावायची आणि काढलेलं पाकीट परत ठेवताना नेहमी डाव्या टोकाला ठेवायचं. ज्याला हात लागत नाही ते आपोआप उजवीकडे सरकत जातं. वर्गीकरणावर आयुष्य घालवलेल्या मला हे आधी पाखंड वाटलं. पण घरी विषयवार लावायला वेळ कोणाला आहे? ५०० पानांची थप्पी साधारण ५ सेंटिमीटर जाड होते, तेव्हा फूटभर फळीत पाकिटं धरूनही २००० पानं आरामात बसतात. तुमचं काम हिशेबाचं, म्हणून एवढं सांभाळा: उजव्या टोकाचं पाकीट म्हणजे रद्दी नव्हे. कायद्याची मुदत संपेपर्यंत ते वेगळ्या खोक्यात जाईल, खोक्यावर मुदतीचं वर्ष ठळक लिहून.

प्रश्न: लॅपटॉप, दिवा, प्रिंटर, दोन फोन. टेबलाखाली वायरींचं जाळं झालं आहे. सगळं एका बंद खोक्यात कोंबलं तर चालेल का?

उत्तर: नाही. चार्जर आणि अडॅप्टर चालू असताना तापतात, त्यांना हवा लागते. आणि एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खुपसला असेल तर तो आजच काढा. एकच चांगला बोर्ड टेबलाच्या फळीला खालून स्क्रूने बसवा, म्हणजे केर काढतानाही आड येणार नाही. उरलेली वायर सैल वेटोळं करून वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, करकचून नको. प्रत्येक प्लगवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. आमच्या ह्यांनी दिवा समजून प्रिंटरचा प्लग तीनदा काढला, तेही छपाई चालू असताना. त्या प्लगवर मी 'मी दिवा नव्हे' असं लिहून ठेवलं आहे.