शाळा बंद, पण जेवण चालू?

प्रश्न : ताई, माझी मावसबहीण लॉस एंजेलिसला असते, ती म्हणते कोविडात तिकडच्या शाळा बंद होत्या पण जेवण मिळायचं, मोठ्यांना पण! खरंय का? आणि नेट नसलेली पोरं शिकली कशी?

उत्तर : अगदी खरंय गं. तिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) न्यूयॉर्कखालोखाल अमेरिकेतलं सगळ्यात मोठं, त्यात बहुतेक मुलं गरीब घरची, शाळेतल्या जेवणावर अवलंबून, म्हणून मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्याच आठवड्यात साठेक ठिकाणी जेवणाची पाकिटं वाटायला सुरुवात केली, ओळखपत्र वगैरे काही मागायचे नाहीत, या आणि घेऊन जा. मला तर हेच सगळ्यात भारी वाटलं, उपाशी पोराला कसला आलाय ऑनलाइन क्लास!

नेटचं म्हणशील तर टॅब, लॅपटॉप, हॉटस्पॉटसाठी १० कोटी डॉलर काढले, शिवाय पीबीएस या तिथल्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीवर धडे दाखवले, आपल्याकडे सह्याद्रीवर टिलीमिली लागायचं ना तसंच. पण एका खोलीत तीन भावंडं असली की टॅब देऊन काय होणार? आणि शाळा उघडल्या थेट एप्रिल २०२१ मध्ये, हे मला तरी जरा जास्तच वाटतं.