अचानक लंगडणारा घोडा आणि खुरातील पू

प्रश्न : काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारी माझी घोडी आज सकाळपासून पुढचा उजवा पाय टेकवायलाही तयार नाही. जखम दिसत नाही. खुराच्या वर किंचित सूज आहे. प्रतिजैविकाची इंजेक्शने लगेच सुरू करावीत का?

उत्तर : आधी पशुवैद्याकडून खूर तपासून घ्यावा. एका रात्रीत एवढे लंगडणे आले की हाड मोडल्याची शंका येते, परंतु त्याचे सर्वांत नेहमीचे कारण खुरात साठलेला पू हे असते. खुराची भिंत ताणली जात नसल्याने थोडासा पूसुद्धा आतील नाजूक थरावर मोठा दाब आणतो. अशा वेळी खूर गरम लागतो, घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंस नाडी जोराने उडते आणि चिमट्याने तळवा क्रमाने दाबत गेल्यास एका ठरावीक जागी घोडी पाय ओढून घेते. बहुतेकदा तेथेच, तळवा आणि भिंत जुळणाऱ्या पांढऱ्या रेषेवर, पुवाकडे जाणारा काळा मार्ग सापडतो.

खरा उपचार पुवाला वाट करून देणे हाच आहे. छिद्र निचरा होईल इतकेच लहान असावे. मोठे केल्यास आतील थर बाहेर डोकावतो आणि दुखणे लांबते. त्यानंतर पोटीस लावून पट्टी रोज बदलावी. निचरा झालेली घोडी साधारणतः २४ ते ४८ तासांत पाय टेकू लागते. तसे न झाल्यास क्ष-किरण तपासणी आवश्यक आहे. कोंडलेल्या पुवापर्यंत औषध नीट पोहोचत नाही, म्हणून साध्या गळवात केवळ प्रतिजैविकांवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धनुर्वाताच्या लसीची खात्री मात्र अवश्य करावी, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

सूज गुडघ्यापर्यंत चढली असेल आणि ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर संसर्ग त्वचेखालील ऊतींत पसरलेला असू शकतो. तेथे प्रतिजैविके लागतातच. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागात खिळा रुतलेला दिसला, तर तो अधिक आत जाणार नाही अशी व्यवस्था करून, न उपसताच त्याच दिवशी क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. खिळा सांध्यापर्यंत किंवा स्नायुबंधाच्या आवरणापर्यंत गेला आहे काय, हे त्यावरूनच कळते, आणि गेला असल्यास ती जागा धुऊन काढण्यात काही तासांचा उशीरही घोडीला कायमचे लंगडे करू शकतो.