माणसाला दे, मंडपाला नको

प्रिय बाळा,

परवा गॅलरीत तू विचारलंस, "काका, बोनसमधले ५० हजार वस्तीतल्या मुलांच्या नाटक-गाण्यांसाठी द्यायचेत, पण ऑफिसातले म्हणतात, उपाशी पोरांना ते शिकवून काय होणार?" तेवढ्यात पाहुणे आले आणि बोलणं अर्धवट राहिलं. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहितोय.

पोटाचा मुद्दा आधी निकालात काढतो. आपल्या मुलीला आपण नृत्याच्या क्लासला घालतो तेव्हा ती उपाशी आहे का, असं कुणी विचारत नाही. वस्तीतल्या मुलीला तेवढं विचारायचं? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचं ३१वं कलम खेळण्याच्या, विसाव्याच्या आणि कलेत भाग घेण्याच्या हक्काचं आहे. भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. तेव्हा यावर पुन्हा वाद घालू नकोस, वेळ जातो.

खरा घोळ पुढेच आहे. तू म्हणालीस, एखादा मोठा कार्यक्रम स्पॉन्सर करते, फोटो येतील, बाकीचेही देतील. नको. मंडपाला देऊ नकोस, माणसाला दे.

मी हे कुठे शिकलो ते सांगतो. २००९ साली आमच्या ओळखीच्या एका वस्तीत दर शनिवारी चार वाजता समाजमंदिरात एक ताई मुलांचं नाटक घ्यायची. मानधन महिना २,५०० रुपये. त्यात एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता, कुणाशी अक्षर बोलायचा नाही. भिंतीला पाठ लावून बसायचा, पायातली चप्पलसुद्धा हातात धरून. ताईने त्याला कधी ओढून पुढे आणलं नाही. सात शनिवार गेले. आठव्याला तो म्हणाला, "ताई, मी कुत्रा होऊ?" आणि रांगत रांगत सगळ्यांच्या मधून भुंकत गेला. नंतर घरी जाऊन आईलाही भुंकून दाखवलं, असं तिनेच आम्हाला सांगितलं.

मी भारावलो. म्हटलं, ही मुलं मोठ्या रंगमंचावर दिसली पाहिजेत. बँकेतल्या सहकाऱ्यांकडून ९० हजार जमवले. नाट्यगृहाचं भाडं, लाइट, जरीचे अंगरखे, स्मरणिका, पाहुण्यांना शाली. कार्यक्रम झकास झाला. त्याच जूनमध्ये ताईने कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली, कारण घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं आणि मानधन वाढवायला संस्थेकडे पैसे नव्हते. ९० हजार म्हणजे तिचं ३६ महिन्यांचं मानधन. हा भागाकार मी तेव्हा केला नाही. पुढचे तीन शनिवार मुलं चार वाजता येऊन कुलूप लावलेल्या दाराशी उभी राहिली. तो मुलगाही.

मंडपाला दिलं की असं होतं. त्या मुलाला जरीचा अंगरखा नको होता. आपण सात आठवडे गप्प बसलो तरी आठव्या आठवड्याला तीच ताई तिथे असेल, एवढंच त्याला हवं होतं.

ठाण्यातलंच उदाहरण घे. नाटककार रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर २०१४ साली 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवतात. २०२० साली मतकरी गेले, तरी काम थांबलं नाही. मुलांना नावानिशी ओळखणारे कार्यकर्ते त्या वस्त्यांत होते म्हणूनच ते टिकलं, असं मी मानतो.

तू 'इम्पॅक्ट कसा मोजायचा' म्हणालीस. तुमच्या कंपनीला कायद्याने नफ्याचे २ टक्के खर्च करून अहवाल द्यावा लागतो, तिला मोजू दे. तू तुझ्या खिशातून देणार आहेस, तुला कसला अहवाल हवाय? दोन शनिवार एखाद्या वस्तीतल्या वर्गात जाऊन मागे बस. तिथल्या ताईला मुलांची नावं पाठ आहेत का बघ. गेल्या महिन्यात कोण यायचं थांबलं आणि ती त्याच्या घरी गेली का, हे विचार. मग संस्थेच्या कार्यालयात एकच प्रश्न: ताईला मानधन किती, आणि किती महिने थकलंय? उत्तर द्यायला कचरले तर उठून ये. प्राप्तिकरातल्या वजावटीचंही आत्ताच सांगतो. नव्या करप्रणालीत देणगीवर ती मिळत नाही. जुन्या प्रणालीतही २,०००च्या वर रोख दिलीस तर नाही. तेव्हा ऑनलाइन दे आणि पावती घे.

लोक मला हेकट म्हणतात. गेली पंधरा वर्षं मी कुठल्याच वर्धापनदिनाला एक रुपया दिलेला नाही, चांगल्या चांगल्या माणसांना दुखावलंय. एका जुन्या मित्राने त्यावरून बोलणं सोडलं. वाईट वाटतं, पण ते दार आणि ती मुलं डोळ्यांसमोर आहेत, मी दुसरं काय करू? त्या मित्राला मी हेच सांगत होतो, माणसाला दे, आणि ते शांतपणे सांगायचं मला जमलं नाही. तुझ्याशीही आवाज चढला असेल तर माफ कर. तुझ्या वयाचं कुणी आपणहून असं विचारायला येतं, याचा आनंद तुला कळणार नाही.

तेव्हा ५० हजार एकदम देऊ नकोस. महिना २,००० लाव, २५ महिने पुरतील, आणि ते मानधनासाठीच आहेत असं लिहून दे. मधल्या काळात पगार वाढेलच, मग पुढचं बघू. तुझा पगार १ तारखेला होतो ना? ५ तारखेचा हप्ता लाव. आणि येत्या शनिवारी साडेतीनला खाली उभी राहा, मी रिक्षा बोलावून ठेवतो.

तुझे,
काका