वैयक्तिक ब्लॉग सुरू करावा का? बरीच वर्षं चालवणाऱ्यांना काय वाटतं?

तुम्ही ललित लिहिता, मित्र ब्लॉग सुरू कर म्हणून मागे लागलेत आणि तुमचं मन काही घेत नाही, असं प्रश्नात लिहिलंय. मी बरीच वर्षं ब्लॉग चालवतेय, अजून चालू आहे. आणि दर दोन-चार महिन्यांनी तो बंद करावा असंही वाटतं.

मी सुरू केला तेव्हा मराठी युनिकोड नुकतंच रुळत होतं. विंडोज एक्सपीवर देवनागरीसाठी वेगळ्या फायली टाकाव्या लागत, नाहीतर समोरच्याला नुसते चौकोन दिसत. तरी लोक वाचायचे. मस्कतहून, न्यू जर्सीहून कुणीतरी लिहायचं की आमच्याकडेही ओसरीवर अस्साच झोपाळा होता. आणि मुख्य म्हणजे कुणाची ओळख काढावी लागत नव्हती. परतीचं तिकीट लावलेलं पाकीट नाही, 'साभार परत'ची चिठ्ठी नाही. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा यांतून मी लिहीत राहिले ती या ब्लॉगमुळेच, हे मान्य करायलाच हवं.

माझं भांडण आहे ते 'प्रकाशित करा' या बटणाशी. रात्री लिहायचं, बटण दाबायचं, सकाळी 'मस्त!', 'डोळ्यांत पाणी आलं' वाचायचं, की लेख संपला. त्याकडे परत बघावंसंच वाटत नाही. पुढे एकदा मी एक लेख ब्लॉगवर न टाकता दिवाळी अंकाला पाठवला. धाकट्या काकाबद्दल होता, तो गाव सोडून मुंबईला गेला त्याबद्दल. संपादकांचा फोन आला. कौतुक वगैरे काही नाही. म्हणाले, "काका गेल्यावर दुकान कोण चालवत होतं हो?" मला सांगता येईना. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कोण म्हणजे? तुझी काकूच की." काकू पहाटे उठून पाणी भरायची, मग दुकानाच्या फळ्या काढायची, आणि उधारीची वही मात्र काकाच्याच नावानं लिहायची. तो लेख मी पुन्हा लिहिला आणि तो काकूचा झाला. ब्लॉगवर हा प्रश्न मला कुणी विचारला नसता. तिथे भले लोक वाचायला येतात, चुका काढायला नाही. काढल्याच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या.

यात आणखी एक मेख आहे. बहुतेक दिवाळी अंकांना आणि स्पर्धांना अप्रकाशित लेखन हवं असतं आणि ब्लॉगवर टाकलेलं त्यांच्या लेखी छापून आलेलंच असतं. म्हणजे पावसाळ्यात लिहिलेला लेख दिवाळीपर्यंत दाबून ठेवायचा, की आजच चार लोकांना वाचायला द्यायचा, हे दर वेळी ठरवावं लागतं. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला हे फार जड जातं.

वाचकसंख्येच्या आकड्यांकडे तर बघूच नका. माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख आजीच्या मसाल्याच्या डब्याबद्दल आहे. मी खूश होते, मग लक्षात आलं की लोक गोड्या मसाल्याची पाककृती शोधत येतात. एका ताईंनी रागावून लिहिलं होतं, "एवढं सगळं लिहिलंत, दगडफूल किती घालायचं ते नाहीच!" खरं होतं त्यांचं. आणि जो लेख खरोखर लोकांच्या मनात बसला, तो व्हॉट्सअ‍ॅपवरून माझ्याच नात्यातल्या गटात आला, एका दिवंगत लोकप्रिय कथाकाराच्या नावानं, खाली हात जोडलेले. मावशीनं लिहिलं, "आता असं लिहिणारे राहिले नाहीत." मी चूप बसले. वाईट वाटलं की बरं, हे अजून ठरलेलं नाही.

नातेवाइकांचं विचाराल तर जिवंत माणसांबद्दल मी आता ब्लॉगवर लिहीत नाही. छापील अंक चार घरांत जातो आणि रद्दीत निघतो. ब्लॉगवरचं मात्र भाच्याचं लग्न ठरताना मुलीकडचे शोधून वाचतात.

तेव्हा तुम्हाला सांगायचं तर ब्लॉग काढा, पण सगळं तिथे ओतू नका. पुस्तकाबद्दलची टिपणं, प्रवास, गावातला बाजार, रागानं लिहिलेलं काही, हे तिथे छान जमतं. ज्या लेखात आपल्यालाच अजून काहीतरी सापडत नाहीये, तो वहीत ठेवा आणि टोकणाऱ्या एखाद्या माणसाला दाखवा. असा एक माणूस शोधणं ब्लॉग काढण्यापेक्षा अवघड आहे, हेही सांगून ठेवते.

आणि ब्लॉग गूगलच्या 'ब्लॉगर' या सेवेवर काढलात तर दर काही महिन्यांनी तिच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्या लेखांचा बॅकअप उतरवून घ्या. २०१३च्या जुलैत गूगल रीडर बंद झालं आणि ब्लॉग वाचणाऱ्यांची मोठी सोय गेली. २०१९मध्ये गूगल प्लस हे गूगलचं समाजमाध्यम बंद झालं, तेव्हा ब्लॉगरवरच्या त्या खात्यांच्या प्रतिक्रियाही गेल्या. फाइल संगणकावर एक आणि पेनड्राइव्हवर एक, अशी दोन ठिकाणी ठेवा.